लष्करी वाहनांची रस्त्याने वाहतूक : धंदा मोठा, जबाबदारी त्याहून मोठी

नगर-पुणे किंवा नगर-मनमाड रस्त्याने नेहमी येजा करणाऱ्या वाचकांना एक दृश्य चांगले ओळखीचे असेल. लांबलचक ट्रेलर, त्यावर ताडपत्रीने झाकलेले अवजड धूड, पुढे-मागे लाल झेंडी लावलेली गाडी आणि मागे खोळंबलेल्या वाहनांची रांग. नगर (आताचे अहिल्यानगर) येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, यांत्रिक पायदळाचे केंद्र आणि लष्करी वाहनांचे संशोधन करणारी व्ही.आर.डी.ई. ही संस्था आहे. शिवाय के.के. रेंज हे सरावाचे मैदान जवळच आहे. त्यामुळे या भागात रणगाड्यांची ने-आण हा नित्याचा भाग आहे.

ही सर्व वाहतूक लष्कर स्वतःच्याच ट्रेलरवरून करते असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. लष्कराकडे स्वतःचे ट्रेलर आहेत, पण गरजेप्रमाणे खाजगी ट्रेलरही भाड्याने घेतले जातात. कारखान्यातून बाहेर पडणारी नवी वाहने, चाचणीसाठी जाणारे नमुने, दुरुस्तीला निघालेली वाहने आणि निवृत्त होऊन एखाद्या चौकात किंवा कॉलेजच्या आवारात स्मारक म्हणून ठेवले जाणारे जुने टी-५५ रणगाडे, अशी अनेक कामे खाजगी वाहतूकदारांकडे येतात. आपल्या समाजातील बरेच बांधव मालवाहतुकीच्या धंद्यात आहेत. कोणी मालक, कोणी ड्रायव्हर, कोणी मिस्त्री, तर कोणी बिल्टीचे काम पाहणारे. म्हणून या कामाची नीट माहिती देणे आम्हास आवश्यक वाटले.

आमच्या ओळखीच्या एका ट्रेलर मालकाने मोठ्या ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर असे एक भाडे घेतले. परवाना काढलेला आहे असे त्याला सांगण्यात आले. वाटेत तपासणी झाली तेव्हा कळले की परवाना दुसऱ्याच ट्रेलरच्या नंबरावर आहे. ठेकेदार फोन उचलेना. गाडी पाच दिवस उभी राहिली, दंड मालकाने भरला आणि महिन्याची कमाई त्यातच गेली. माल लष्कराचा होता, पण ट्रेलर त्याचा होता. हाच फरक समजून न घेतल्याने पुष्कळांचे नुकसान होते.

रणगाडा ट्रेलरवर का चढवतात?

रणगाड्याला स्वतःचे इंजिन आहे, मग त्याला वाहून नेण्याची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. लोखंडी पट्ट्यांवर चालणारे वाहन डांबरी रस्ता उखडून टाकते, डिझेल अफाट पिते आणि त्याचे इंजिन व पट्टे लवकर झिजतात. रणगाड्याचे आयुष्य त्याने कापलेल्या अंतरावर मोजले जाते. ते आयुष्य प्रवासात खर्च करणे कोणत्याही सैन्याला परवडत नाही. म्हणून लांबचा पल्ला रेल्वेने आणि स्टेशनपासूनचा किंवा मधला पल्ला ट्रेलरने अशी पद्धत आहे.

या ट्रेलरचे महत्त्व १९९१ च्या आखाती युद्धात जगाला दिसले. सौदी अरेबियाच्या वाळवंटातून रणगाडे सीमेकडे हलवताना अमेरिकेसारख्या देशालाही स्वतःचे ट्रेलर पुरले नाहीत. इजिप्तसह इतर देशांकडून ते मागवावे लागले. तेथेही भाड्याच्या गाड्यांवर आशियाई देशांतून गेलेले कामगार ड्रायव्हर म्हणून राबले.

आधी वजन आणि माप

लष्करी वाहन म्हटले की सर्व एकाच तागडीत तोलू नये. चाकांचा साधा लष्करी ट्रक स्वतःच्या पायांवर जातो. त्याला ट्रेलर बहुधा लागत नाही. यांत्रिक पायदळाचे बी.एम.पी.-२ हे पट्ट्यांचे वाहन सुमारे १४ टनांचे आहे. टी-७२ रणगाडा सुमारे ४१ टनांचा, टी-९० सुमारे ४६ टनांचा आणि आपल्या देशात बनलेला अर्जुन मार्क-१ए तर ६८ टनांचा आहे. गुजरातेत हजिरा येथे तयार होणारी के-९ वज्र ही स्वयंचलित तोफ पन्नास टनांच्या घरात जाते.

आता रुंदी पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सर्वसाधारण वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. बी.एम.पी.-२ ची रुंदी ३.१५ मीटर, तर टी-७२ ची ३.५९ मीटर आहे. म्हणजे १४ टनांचे वाहन वजनाने कायद्यात बसते, पण रुंदीने बसत नाही. "वजन तर कमी आहे, परवाना कशाला?" असे म्हणणारे इथेच फसतात.

वजनाचा हिशेबही करून ठेवावा. ४१ टनांचा रणगाडा, सुमारे १६ टनांचा ट्रेलर आणि सुमारे १० टनांचा घोडा मिळून ६७ टन झाले. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवरील वजनाची मर्यादा वाढवली, तरीही रस्त्यावरील गाडीचे एकूण कमाल वजन ५५ टनच ठेवले. म्हणजे १२ टन जास्त. खास परवानगी नसेल, तर १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, असे एकूण ४४,००० रुपये भरावे लागतात. शिवाय जादा वजन उतरवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. रणगाड्याचे १२ टन कसे उतरवणार?

लष्कराचा माल, पण गाडी आपली

सरकारच्या मालकीच्या आणि सरकारी कामासाठी चालणाऱ्या वाहनांना मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये परमिटाची सूट आहे. लष्कराच्या स्वतःच्या गाड्यांवर वर टोक केलेल्या बाणाचा वेगळा नंबर असतो. पण खाजगी ट्रेलरवर लष्कराचे वाहन चढले म्हणून तो ट्रेलर सरकारी होत नाही. परमिट, फिटनेस, विमा, ड्रायव्हरचे लायसन्स आणि जादा मापाची परवानगी हे सर्व आपल्यालाच सांभाळावे लागते. टोलच्या बाबतीतही सूट गृहीत धरू नये. करारात कोण भरणार ते लिहून घ्यावे.

ज्याचे तुकडे करून नेता येत नाहीत अशा मालासाठी जादा माप आणि वजनाची परवानगी मिळते. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्रीय परिवहन मंत्रालयाने संगणकावरून अर्ज करण्याची सोय केली आहे. राज्याच्या रस्त्यांसाठी संबंधित खात्यांकडे जावे लागते. परवानगीच्या कागदावर घोड्याचा नंबर, ट्रेलरचा नंबर, मार्ग आणि मुदत ही चार कलमे स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय गाडी हलवू नये. यातील एकही चुकले तरी कागद असून नसल्यासारखा.

पूल : सर्वांत कच्चा दुवा

रस्ता वजन सहन करतो. खरी परीक्षा असते ती पुलाची. आपल्या देशात पुलांची रचना करताना इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिलेला भार धरला जातो. त्यातील एका वर्गात ७० टनांचे पट्ट्यांचे वाहन, म्हणजे जवळजवळ रणगाडाच, पुलावर आहे असे मानून हिशेब केला जातो. मात्र त्याच हिशेबात अशा दोन वाहनांत किमान ९० मीटर अंतर धरलेले आहे. याचा अर्थ सरळ आहे. दोन लादलेले ट्रेलर एकामागोमाग चिकटून पुलावर नेले, तर पूल ज्यासाठी बांधला त्यापेक्षा जास्त भार आपण त्यावर टाकतो. एक गाडी पार झाल्याशिवाय दुसरी पुलावर घेऊ नये. पुलावरून सावकाश आणि मधोमध जावे. मध्येच ब्रेक मारू नये, गिअर बदलू नये आणि थांबू नये.

लष्करी वाहनाच्या पुढच्या बाजूस पिवळ्या गोलात काळा आकडा असतो. हा त्या वाहनाचा भारवर्ग आहे. ज्या पुलांवर तशाच पाट्या आहेत, तेथे वाहनाचा आकडा पुलाच्या आकड्यापेक्षा मोठा असता कामा नये. पण ध्यानात ठेवावे की तो आकडा एकट्या वाहनाचा आहे. ट्रेलर आणि घोडा मिळून होणारा भार वेगळा असतो.

जिल्हा मार्गांवरील अनेक पूल जुने आणि दगडी आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्यावरील वाहने माणसांसह गेली, ही घटना आपण विसरलेलो नाही. पावसाळ्यात जवळच्या वाटेपेक्षा भक्कम पुलाची लांबची वाट चांगली.

या बाबतीत १९४८ चे एक उदाहरण शिकण्यासारखे आहे. काश्मीरमधील झोजी ला खिंड सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे मेजर जनरल थिमय्या यांना रणगाडे पोचवायचे होते. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे आजच्या मानाने हलके, सुमारे १५ टनांचेच. तरीही जम्मूकडून श्रीनगरला जाणाऱ्या रस्त्यावरील पूल कच्चे होते. तेव्हा रणगाड्यांचे बुरूज उतरवून ते वेगळे नेण्यात आले. त्यामुळे वजनही कमी झाले आणि हालचालही झाकली गेली. बालटाल येथे बुरूज पुन्हा चढवले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खिंडीतील वाट रुंद करून दिली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी त्या उंचीवर रणगाडे पाहून समोरचा शत्रू थक्क झाला. पुलाची ताकद आधी पाहून मग वाहनाचे वजन ठरवले म्हणूनच हे साधले.

चढवणे

चढवण्याची जागा कठीण आणि सपाट असावी. घोड्याचा हँडब्रेक लावून चाकांना गुटके द्यावेत आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली आधार द्यावा, नाहीतर वजन फळीवर येताच पुढचा भाग उचलला जातो. वाहन चालवणारा लष्कराचाच माणूस असतो. आपल्या माणसाने हौस म्हणून आत बसू नये. समोरून खुणा करणारा एकच असावा आणि त्याने दूर उभे राहावे. वाहन आणि ट्रेलर यांच्या मध्ये कोणीही जाऊ नये.

ट्रेलरची रुंदी पुष्कळदा तीन मीटर असते. टी-७२ त्याहून रुंद आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी पट्ट्याचा काही भाग बाहेर राहतो. पट्टाच ५८ सेंटीमीटर रुंद आहे. पट्ट्याचा काही भाग हवेत असलेले वाहन वळणावर कधी घसरेल याचा नेम नाही. म्हणून बाजूला रुंदी वाढवणारे भक्कम तुकडे असलेला ट्रेलरच या कामाला लावावा.

वजन पुढे-मागे कुठे ठेवायचे हेही महत्त्वाचे. फार मागे ठेवले तर घोड्याची चाके हलकी होऊन पकड सुटते. फार पुढे ठेवले तर घोड्याच्या एक्सलवर भार येऊन टायर फुटतात. एकदा वजनकाट्यावर योग्य जागा मिळाली की ट्रेलरवर रंगाने रेघ मारून ठेवावी.

बांधणे

अपघात पाहिले तर कारण बहुधा इंजिनात नसते, साखळीत असते. "चाळीस टनांचा माल कुठे जातोय?" असे म्हणून दोन साखळ्या अडकवून निघणारे कमी नाहीत. पण जोराचा ब्रेक लागला की मालाचे वजन पुढे धावते. युरोपात मान्य असलेल्या नियमाप्रमाणे वजनाच्या ८० टक्के जोर पुढच्या दिशेने आणि ५० टक्के जोर बाजूंना व मागे धरून बांधणी करावी लागते. ४१ टनांचा ८० टक्के म्हणजे सुमारे ३३ टन.

लोखंडी पट्टा लोखंडी ट्रेलरवर, त्यातही तेल किंवा पावसाचे पाणी असेल तर बर्फासारखा घसरतो. म्हणून खाली लाकडी फळ्या किंवा जाड रबर टाकावे. त्यामुळे वजनाच्या ३० टक्के पकड मिळाली असे धरले तर १२ टन जोर तेथेच अडतो. उरलेले २१ टन साखळ्यांनी धरायचे. १३ मिलिमीटर जाडीच्या ग्रेड ८० साखळीची बांधणीची मान्य क्षमता १० टन आहे, पण ती तिरकी बांधली जात असल्याने सात टनांच्या वर ताकद कामी येत नाही. माल पुढे सरकताना फक्त मागे ओढणाऱ्या साखळ्याच उपयोगी पडतात. अशा दोनच असतील तर १४ टन झाले, म्हणजे कमी पडले. चार असतील तर २८ पर्यंत जाते. म्हणूनच पुढे-मागे दोनदोन साखळ्यांची नेहमीची बांधणी हलक्या वाहनाला ठीक, रणगाड्याला अपुरी.

साखळी नेहमी वाहनाच्या मूळ सांगाड्यावर दिलेल्या हुकांनाच बांधावी. पट्ट्याला, चाकाला, दिव्याच्या जाळीला किंवा तोफेच्या नळीला कधीही नाही. साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात, म्हणजे बाजूचा जोरही धरला जातो. साखळीला गाठ मारू नये. क्षमतेचा बिल्ला नसलेली, कडी ताणलेली किंवा वेल्डिंग केलेली साखळी भंगारातच टाकावी. बुरूज आणि तोफ आतून कुलूपबंद झाल्याची खात्री लष्कराच्या माणसाकडून करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. वाहनाच्या सांगाड्याखाली स्प्रिंगा असतात. रस्त्यावर ते हिंदकळते आणि घट्ट वाटणारी साखळी ढिली पडते. म्हणून निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरमध्ये एकदा थांबून सर्व साखळ्या पुन्हा आवळाव्यात. त्यानंतर दर थांब्यावर आणि प्रत्येक खराब पट्ट्यानंतर हात लावून पाहावे.

रस्त्यावर

वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला लागणारी ताकद दुप्पट नव्हे, चौपट होते. वळणावर बाहेर फेकणाऱ्या जोराचाही हाच हिशेब आहे. खंडाळा, कसारा किंवा माळशेज घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याहून वरचा गिअर घेऊ नये. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे साठ-सत्तर टनांना मोकळे सोडणे होय. सतत ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो. उतार इंजिनाच्या जोरावरच उतरावा आणि ब्रेक थोड्या वेळासाठी, पण ठामपणे लावावा.

निघण्याआधी एकदा रिकाम्या छोट्या गाडीतून मार्ग पाहून यावे. गावातील खाली आलेल्या विजेच्या तारा, रेल्वे फाटकावरील उंचीची कमान, बाजारपेठेतील अरुंद वळण, आठवडे बाजाराचा दिवस ही नोंद वहीत असावी. पायलट गाडीवाल्याचे काम फक्त झेंडी दाखवण्याचे नाही. समोरची वाहने वेळेवर थांबवणे हे त्याचे काम आहे.

मोबाईल खिशात

आजच्या काळात आणखी एक धोका आहे. लष्करी वाहन ट्रेलरवर चढले की क्लीनर पोराला फोटो काढण्याची हौस येते आणि दोन मिनिटांत तो व्हॉट्सॲपवर जातो. वाहन कोणते, किती, कुठे आणि कधी निघाले ही माहिती लष्कराच्या दृष्टीने गुप्त असू शकते आणि १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. हौसेने केलेली चूक निष्पाप मुलाला चौकशीच्या फेऱ्यात अडकवू शकते. सध्याच्या वातावरणात आपल्या मुलांनी याबाबत दुप्पट सावध राहावे, हे आम्ही स्पष्टच सांगतो. ट्रेलर मालकाने निघण्यापूर्वीच सर्वांना ताकीद द्यावी. ढाब्यावर चर्चा नको. रात्रीचा मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच करावा आणि ओळखपत्रे व पोलीस पडताळणीचे कागद गाडीत ठेवावेत.

करार आणि विमा

मोठा ठेकेदार काम घेतो आणि छोट्या मालकाला पोटठेका देतो, ही रीत आहे. त्यात गैर नाही, पण सर्व लेखी असावे : भाडे किती, आगाऊ किती, बाकी कोणत्या तारखेला, गाडी खोळंबली तर रोजचे किती, परवाना आणि पायलटचा खर्च कोणाचा, मालाचे नुकसान झाल्यास जबाबदार कोण. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदार करावेत ही सूरह अल-बकराची शिकवण आपण वाचतो, पण भाडे ठरवताना नेमकी विसरतो.

गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे मालाचे नुकसान झाल्यास वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज मालधन्याला पडत नाही. एका रणगाड्याची किंमत कोट्यवधींत जाते आणि आपला ट्रेलर विकूनही ती भरून निघणार नाही. मालाची जोखीम कोणाच्या पॉलिसीत आहे हे कागदावर पाहूनच होकार द्यावा. विम्याबद्दल उलेमांमध्ये जी चर्चा आहे ती आपल्या ठिकाणी. पण तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाचा तो हक्क आहे.

शेवटी

हे काम करण्यासारखे आहे. महाराष्ट्रात पुणे, तळेगाव, नगर या पट्ट्यात लष्करी वाहनांशी संबंधित उद्योग आणि संस्था आहेत. ज्याच्याकडे योग्य ट्रेलर, चांगल्या साखळ्या, शिकलेला ड्रायव्हर आणि स्वच्छ कागद आहेत, त्याला अवजड मालाची इतर कामेही मिळतात. ज्याच्याकडे यातील एक गोष्ट नाही, त्याने तूर्त नकार द्यावा. नकार दिल्याने एक भाडे जाते, घाईने होकार दिल्याने घरदार जाऊ शकते आणि रस्त्यावरच्या एखाद्याचा जीवही.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास सांगितले. आपल्या धंद्यात उंटाच्या जागी चाळीस टनांचे लोखंड आहे, एवढाच फरक. ट्रेलरवर चढलेला माल ही अमानत आहे आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचा जीवही अमानतच आहे. साखळी नीट आवळून, कागद तपासून मग बिस्मिल्लाह म्हणून गाडी काढावी. इन्शाअल्लाह, त्या कमाईत बरकत राहील.